फुंकरीतला आकडा: मुलांचा दमा आणि नायट्रिक ऑक्साइड

मिरजेहून बोलतोय. आमचं गाव दवाखान्यांचं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आजही अथणी-जमखंडीपासून पेशंट घेऊन लोक इथं येतात. तरीसुद्धा घराघरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता बरा आहे की पोरगा, मग पंप कशाला?"

माझी ताईही भाच्याबद्दल हेच म्हणायची. खोकला थांबला की पंप कपाटात. मग ऊसतोडीचा हंगाम आला, शेतात पाचट पेटलं की रात्री छातीत घरघर सुरू. आजचा विषय त्यातूनच सुचला.

मुळात दमा म्हणजे नुसती नळी आवळणं नाही. श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते. धूळ, धूर, सर्दी, काहीही निमित्त मिळालं की ही सुजलेली नळी आवळते आणि धाप लागते. धाप गेली तरी सूज आत राहू शकते. ती बाहेरून दिसत नाही, कधीकधी स्टेथोस्कोपलाही कळत नाही.

ती ओळखायचा एक मार्ग उच्छ्वासात सापडला. आपण सोडलेल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी किंचित असतो, हे १९९१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. ॲलर्जीच्या प्रकारची सूज असली की अस्तरातल्या पेशी हा वायू जास्त बनवतात. म्हणजे वायू वाढला, तर सूज असण्याची शक्यता वाढली. ही तपासणी म्हणजे 'फेनो'.

सुई नाही, रक्त नाही. मुलानं मशीनमध्ये सहा ते दहा सेकंद एकसारखं फुंकायचं. जोरात नाही, हळूही नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत सांगायचं तर, सूर न हलवता धरायचा! साधारण पाच वर्षांपुढच्या मुलांना हे जमतं.

आकडा येतो 'पीपीबी'मध्ये, म्हणजे शंभर कोटी भागांत किती भाग. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलांत २० च्या खाली म्हणजे कमी, ३५ च्या वर म्हणजे जास्त. मधला आकडा आला तर बाकीची लक्षणं बघून ठरवायचं.

भाच्याचा आकडा जास्त आला, तेही खोकला नसताना. ताईला तिथं पहिल्यांदा पटलं. रोजचा पंप नीट घेतला की हा आकडा बहुधा काही दिवसांत, आठवड्यांत खाली येतो. नाही आला, तर डॉक्टर आधी विचारतात: पंप रोज घेतोय का? स्पेसर लावतोय का? डोस वाढवायचा प्रश्न त्यानंतर.

पण मंडळी, आकड्याला देव मानू नका. प्रत्येक दम्यात तो वाढत नाही, त्यामुळे नॉर्मल आकडा म्हणजे दमा नाहीच, असं नसतं. उलट, नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीतही तो वाढतो. तपासणीआधी पालक किंवा बीट खाल्लं तरी फरक पडतो. हे मशीन सगळीकडे नसतंही. तिथं लक्षणांची वही, फुंकून बघायचा साधा पीक फ्लो मीटर आणि डॉक्टरांची नजर यांवर उपचार चालतात, आणि चांगले चालतात.

आता 'पंपाची सवय लागते' याबद्दल. चष्म्याची लागते तेवढीच! रोजच्या पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि मुख्यतः श्वासनळीतच काम करतं. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, साधारण सेंटीमीटरभर. पण ताब्यात नसलेला दमा झोप, शाळा, खेळ सगळंच हिरावतो, आणि कधी जिवावरही बेततो. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा. तो नळी उघडतो, सूज उतरवत नाही.

आणि हे लक्षात ठेवाच: मूल धापेमुळे वाक्य पुरं करू शकत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर कुठलाही आकडा बघत बसू नका. डॉक्टरांनी दिलेला धापेचा पंप द्या आणि तडक दवाखाना गाठा.

तुमच्या घरात दम्याचं लहान भावंड, भाचा, पुतणी असेल, तर आज एवढंच विचारा, "पंप घेतलास का रे?" पंप बंद करायचा की कमी करायचा, ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि हा भाग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जरूर टाका. भेटू पुढच्या भागात!