काचेवरील खुणा

दाराची कडी पाहतांच हात तिच्याकडे जातो. मोबाईलच्या काचेस मात्र कडी नाहीं; ती सर्वत्र सारखीच गुळगुळीत. बोट कोठें टेकावें, कोठें सरकवावें, हें तिच्यावर रेखाटल्यावांचून कळण्यास मार्ग नाहीं.

२००७ सालच्या पहिल्या आयफोनच्या कर्त्यांनीं हें जाणलें होतें. बंद पडद्याच्या तळाशीं खाचेंत एक बाण, शेजारीं सरकविण्याची सूचना आणि त्या अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे धांवणारी चकाकी! २०१३ पासून मात्र बटणांचा उठाव व सावल्या पुसण्याची टूम बळावली. पडदा देखणा झाला खरा, पण बटण कोणतें व नुसता मजकूर कोणता, हा भेद हरपला.

१५ ऑगस्ट २०२१ रोजीं महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हां हा प्रश्न परभणी जिल्ह्यांतील बांधावर येऊन ठेपला. सोयाबीन-कापसाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावयाची, पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें. सातबाऱ्यावर पीक चढलें नाहीं, तर हमीभावाच्या खरेदीस अडचण. अशा वेळीं एखादें बटण पडद्याखालीं दडलें आणि खालीं कांहीं आहे याची खूणच नसली, तर शेतकऱ्यास अडाणी कां म्हणावें?

तळाची ओळ अर्धी कापलेली दाखवावी. बोट आपोआप ती वर सारतें. बटण दाबतांच रंग पालटावा, नाहींतर तो बिचारा पुनःपुन्हां दाबीत बसतो. फिकट राखाडी अक्षरें तर उन्हांत दिसतच नाहींत. दाबून धरण्याची क्रिया सर्वांत अदृश्य. तेथें ‘दाबून धरा’ हे दोन शब्द मराठींत ठळक लिहावेत.