रिकामी गाडी कोण चालवणार?



आमचा भाचा पुण्यात नोकरी करतो. ईदला घरी आला, शीरखुर्मा झाला आणि गप्पांत तो म्हणाला, "मामू, रेल्वे एकदाची खासगी करून टाकायला पाहिजे. मालक असला की काम नीट होतं." बैठकीतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. ताळेबंद मला वाचता येत नाही. त्यातून पारनेर गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर नगर गाठावं लागतं. तरीही या प्रश्नावर मला बोलायचं आहे.

खासगी रेल्वे हा काही नवा शोध नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती 'जीआयपी' या लंडनच्या कंपनीची. सरकारनं कंपनीला हमी दिली होती, की भांडवलावर पाच टक्के सुटतीलच. कमी पडले तर सरकार भरून देईल. सरकार देणार कुठून? शेतसाऱ्यातून. म्हणजे नफा भागधारकांचा आणि तूट कुणब्याची. धंदा करावा तर असा! आपल्या नगरवरून जाणारा दौंड–मनमाड लोहमार्ग मात्र सरकारी मार्ग म्हणून बांधला गेला. तो १८७८ साली सुरू झाला आणि नंतर त्याच कंपनीकडं चालवायला गेला. अखेर १९२५ मध्ये सरकारनं जीआयपीचा कारभारच हाती घेतला.

आम्हाला रुळांपेक्षा रस्ता जवळचा. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी नगरहून पुण्याला निघाली, ती आमच्या सुप्यावरूनच गेली. त्याआधी खासगी मोटारी होत्या. जुनी माणसं सांगत, की मोटार भरली की सुटायची, नाही भरली तर बसून राहायची. वेळापत्रक ही चीज आमच्याकडं एसटीनं आणली.

अब्बा शिवणकाम करायचे. अस्तर, दोरे, बटणं आणायला नगरच्या कापडबाजारात जायचे आणि शेवटच्या गाडीनं परतायचे. ती मुक्कामी गाडी. रात्री गावात थांबायची आणि पहाटे निघायची. कधीकधी तिच्यात पाच माणसं असायची. अब्बा हसून म्हणायचे, "आपल्या पाच जणांसाठी सरकार डिझेल जाळतंय." पुढं त्याच पहाटेच्या गाडीनं, पास काढून, मी कॉलेजला गेलो. हिशेबात ती तोट्याचीच असणार. ती नसती तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो.

२०२१च्या नोव्हेंबरपासून काही महिने एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांची दुःखं खरी होती, त्याबद्दल मी बोलत नाही. पण त्या दिवसांत रस्ता खासगी गाड्यांच्याच हाती होता. आमच्या शेजारची मुलगी बारावीला होती. जीपवाला म्हणे, दहा शिटं झाल्याशिवाय हलणार नाही. पोरगी सकाळी सातला येऊन नऊपर्यंत उभी राहायची. जीपवाल्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला हप्ता भरायचा होता.

आता रेल्वेकडं वळू. २०२० साली सरकारनं १५१ खासगी गाड्यांसाठी कंपन्यांना बोलावलं. प्रतिसाद इतका थोडा आला, की ते बारगळलं. २०२२च्या जूनमध्ये कोइमतूरहून आपल्या जिल्ह्यातल्या शिर्डीला खासगी गाडी आली. चांगली गोष्ट आहे, भाविकांची सोय झाली. पण रूळ रेल्वेचे, चालक रेल्वेचा, आणि गाडी शिर्डीला आली. ती आष्टीला जाणार नाही.

आष्टीचं नाव घेतलं आणि माझीच बाजू अडचणीत आली. नगर–बीड–परळी मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला. नगर ते आष्टी हे ६६ किलोमीटर पुरे व्हायला २०२२चा सप्टेंबर उजाडला, आणि बीडला गाडी पोचली २०२५ मध्ये. मंजुरीच्या वेळी जन्मलेलं पोर तोवर बाप झालं. हा कारभार सरकारीच. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२०च्या मार्चमध्ये काढून घेतली, तीही सरकारी रेल्वेनंच. मालकी सरकारी असली म्हणजे काळीज आपोआप येतं असं नाही.

भाच्यानं हेच पकडलं. "मग फरक काय, मामू?"

मी म्हटलं, फरक एवढाच, की आष्टीच्या रेल्वेसाठी माणसं मोर्चे काढू शकली, खासदाराला धारेवर धरू शकली. कंपनीच्या दारात आष्टीकर कुठल्या नात्यानं उभा राहिला असता? तो तिचा भागधारक नाही, आणि गिऱ्हाईक म्हणून परवडणारा नाही. इंग्लंडनं १९९०च्या दशकात रेल्वे कंपन्यांना वाटून दिली आणि २०२४ साली कायदा करून प्रवासी गाड्या परत सरकारकडं घ्यायला सुरुवात केली. चहा, जेवण, डब्यांची सफाई खुशाल खासगी असू द्या. रूळ आणि वेळापत्रक मात्र मी देणार नाही.

भाच्याला ते सगळं पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला पुण्याला परतायचं होतं. त्यानं मोबाइलवर गाड्या शोधल्या, मग मला विचारलं, "मामू, सकाळची पहिली एसटी कितीला आहे?"