तबकड्या अनेक, यंत्र एक



आमच्या तालुक्याच्या गावी एक हायस्कूल आहे. तिथे उभी हयात संगीत शिकवण्यात घालवून निवृत्त झालेले एक गुरुजी २०२३ साली वारले. दिवस झाल्यावर त्यांच्या मुलाने वडिलांच्या दोन पत्र्याच्या पेट्या शाळेत आणून दिल्या. आत सगळ्या तबकड्या. ग्रामोफोनच्या काळ्या नव्हेत. हाताच्या पंजात मावणाऱ्या, १२ सेंटिमीटर व्यासाच्या, चकचकीत. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवली. "या साऱ्या तबकड्या उत्तम वाजतील असं एकच यंत्र शाळेला घ्यावं," असे ठरले, आणि ते निवडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

आता मी महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस. विजेचे ज्ञान बल्ब बदलण्यापुरते. गाणे ऐकण्याचा शौक आहे, एवढीच काय ती पात्रता. पण वर्गणी देणाऱ्यांत शेतमजुरी करणारे माजी विद्यार्थीही होते. त्यांचा पैसा चुकीच्या यंत्रात घातला असता तर मला त्या शाळेची पायरी चढण्याची सोय उरली नसती. म्हणून जरा अभ्यास केला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

दुकानात जाण्याआधी आम्ही पेट्या मोजल्या. हे काम आधी करावे, बरं का! एकूण तबकड्या भरल्या २१२. त्यांपैकी १४० साध्या गाण्याच्या सीडी : नाट्यगीते, अभंग, ख्याल. ३१ व्हीसीडी, म्हणजे नाटके आणि कीर्तने. पाच तबकड्या सुपर ऑडिओ सीडी या जातीच्या आणि दोन डीव्हीडी ऑडिओ या जातीच्या. या सातही पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या, कोणीतरी परदेशातून भेट दिलेल्या. राहिल्या ३४. त्यांच्यावर छापील चित्र नव्हते, फक्त गुरुजींच्या हातचे अक्षर होते : गावाचे नाव, बाईचे नाव, तारीख. गुरुजी सुट्टीत आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणत. घरच्या संगणकावर भरलेल्या या ३४ तबकड्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, पण तिचा अर्थ तेव्हा पुरता उमगला नव्हता.

दिसायला या सगळ्या तबकड्या सख्ख्या बहिणी. मग एका यंत्रात एक वाजते आणि दुसरी का वाजत नाही? असे पाहा. तबकडीत माहिती साठवलेली असते बारीक खळग्यांच्या ओळीत, आणि ही ओळ आतून बाहेर चक्राकार जाते. साध्या सीडीवर एका फेऱ्यापासून दुसऱ्या फेऱ्याचे अंतर १.६ मायक्रॉन. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत असे चाळीसेक फेरे सहज मावतील. डीव्हीडीवर हेच अंतर ०.७४ मायक्रॉन, ब्लू-रेवर ०.३२. जितकी तास जवळजवळ, तितका फाळ बारीक लागणार. म्हणून सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर किरण. डीव्हीडीला ६५० चा तांबडा. ब्लू-रेला ४०५ चा जांभळट. शिवाय खोलीही निराळी. सीडीतली माहिती पृष्ठभागापासून सुमारे १.२ मिलिमीटर आत, डीव्हीडीतली ०.६, ब्लू-रेतली अवघी ०.१ मिलिमीटर. म्हणजे एकाच गावातल्या तीन विहिरी. तीन वेगळे दोर हवेत. सर्व जाती वाजवणारे यंत्र म्हणजे हे तिन्ही दोर बाळगणारा बहुरूपी.

सुपर ऑडिओ सीडीची मौज आणखी निराळी. तिच्यातल्या पुष्कळ तबकड्या दुमजली असतात. वरच्या मजल्यावर, डीव्हीडीच्या खोलीवर, नवे ध्वनिमुद्रण, आणि खालच्या मजल्यावर साधी सीडी. वरचा मजला अर्धपारदर्शक असल्यामुळे सीडीचा किरण त्यातून आरपार खाली उतरतो. म्हणून अशी तबकडी साध्या यंत्रातही वाजते, पण वाजते ती खालच्या मजल्यावरची. पुष्कळ मंडळी हे न कळताच "आम्ही सुपर ऑडिओ ऐकतो" म्हणून खूश असतात. असोत बिचारी.

आता मुख्य प्रश्न : या नव्या जातींचा आवाज खरोखरच सरस असतो काय? सीडी बाजारात आली १९८२ साली. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतलेले असते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या जिन्यावर कुठेतरी बसवलेले असते. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा सूर ऐकतो, चाळिशीनंतर त्याहून कमीच. तेवढ्याला हे माप पुरते. १९९९ साली सुपर ऑडिओ सीडी आली. तिने जिनाच काढून टाकला. सेकंदाला २८,२२,४०० वेळा नुसते 'हो' किंवा 'नाही'. पाठोपाठ डीव्हीडी ऑडिओ आली, जिच्यात सेकंदाला १,९२,००० मापांपर्यंत सोय आहे. आकडे ऐकून छाती दडपते. दुकानदारही ते आधी सांगतो.

परंतु २००७ साली ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान या दोघा अमेरिकनांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. या नव्या तबकड्यांचा आवाज एकदा सरळ ऐकवायचा, एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवायचा, आणि कोणता कोणता ते ऐकणाऱ्याला न सांगता ओळखायला लावायचे. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते! पुढे २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ निघाले. शिकवून तयार केलेले कान थोडे अधिक ओळखतात, असेही त्यांना आढळले. म्हणजे फरक अगदीच नाही असे नव्हे. पण तो मिठाच्या कणाएवढा.

मग नव्या जातीची तबकडी अनेकदा खरोखरच गोड लागते, ती का? कारण ती काढणारे लोक ध्वनिमुद्रणावर अधिक मेहनत घेतात, आवाज विनाकारण फुगवीत नाहीत. गुण स्वयंपाकिणीचा, आणि नाव होते भांड्याचे. उलट बाजूने पाहा. जुन्या काळचे नाट्यगीत मूळ तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीवर कोरलेले. १९२५ च्या आधीचे असेल तर ते विजेच्या मायक्रोफोनवाचून, नुसत्या कर्ण्यात गाऊन घेतलेले. जे मूळ तबकडीतच उतरले नाही, ते लाखाचे यंत्र आणले तरी कुठून देणार?

हे सगळे वाचून, शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टीमीटर पिशवीत टाकून, मी आणि विज्ञानाचे सर पुण्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, मीटर कशाला? कानांनी ऐका की!" पण कानाची एक खोड असते. दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा, तेच त्याला सरस वाटते. आणि सारखीच बटणे फिरवली तरी दोन यंत्रांचा आवाज सारखा निघत नाही. तेव्हा एकच स्थिर, खर्जातला सूर भरलेली तबकडी दोन्हींत लावावी, स्पीकरच्या तारांवर मीटर धरावा, आणि आकडा जुळेपर्यंत ॲम्प्लिफायरचे बटण फिरवावे. मग यंत्र कोणते ते न सांगता दुसऱ्याने वाजवावे. आम्ही आमचाच ख्याल, त्यातलीच दोन मिनिटे, पुनःपुन्हा ऐकली. लाखाच्या घरातले यंत्र आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचे यंत्र यांत आम्हा दोघांना फरक सांगता आला नाही. मला अंमळ लाज वाटली. विज्ञानाच्या सरांना मात्र आनंद झाला.

याचा अर्थ कुठलेही स्वस्त यंत्र आणावे असा नव्हे. तिथेच एक अगदी स्वस्त डीव्हीडी यंत्र लावून पाहिले. त्यात शांत जागी बारीक घूं घूं ऐकू येई. एका रागाचे दोन तुकडे तबकडीवर लागोपाठ असतील तर मध्ये ते क्षणभर अडखळे. विलंबितातून द्रुतात जाताना ठेच लागल्यासारखे होई. आणि टीव्ही जोडल्याशिवाय कुठे काय आहे ते कळेना. हे दोष कोणालाही ऐकू येतात, दिसतात. आधी ते तपासावेत. १९८० च्या दशकातल्या काही सीडींत वरचे सूर मुद्दाम चढवून भरलेले असत आणि यंत्राने ते उतरवून वाजवावेत अशी खूण तबकडीत असे. ती खूण जे यंत्र ओळखत नाही, त्याचा आवाज कर्कश लागतो. तुमच्याकडे अशी जुनी सीडी असेल तर ती बरोबर न्यावी.

जोडणीच्या दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण त्यांत पुष्कळ जण फसतात. सुपर ऑडिओचे अंक यंत्राच्या नेहमीच्या डिजिटल तारेतून बाहेर पडत नाहीत. बनवणाऱ्यांनी नकलेच्या भीतीने ती वाट बंद ठेवली. एचडीएमआयच्या तारेतून पाठवण्याची सोय काही यंत्रांत आहे, नाही तर साध्या तांबड्या-पांढऱ्या तारा वापराव्यात. दुसरे, दोनच स्पीकर असतील तर यंत्राच्या सेटिंगमध्ये 'स्टिरिओ' निवडावे. नाही तर यंत्र पाच स्पीकरांचा आवाज पाठवते आणि मधल्या स्पीकरचा गायक गायबच होतो.

आणि वीज! इथे माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या भाच्याने, "मामा, इकडे स्वस्त मिळतंय," म्हणून एक यंत्र आणून दिले. मी हौसेने घरच्या प्लगला लावले. फट् झाले, आणि जळका वास घरभर. मागे बारीक अक्षरांत १२० व्होल्ट लिहिले होते, आपल्याकडे २३०. जपानातून आलेले जुने यंत्र तर १०० व्होल्टचे असते. मागे १०० ते २४० असे छापले असेल तरच निर्धास्त लावावे. दुरुस्ती करून ते चालू झाले, तरी आपल्याकडची डीव्हीडी ते घेईना, कारण चित्रपटांच्या डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिका पहिल्यात, आपण पाचव्यात. गाण्याच्या सीडीला हे सोवळे नाही.

हे बहुरूपी यंत्र आता बाजारात मुबलक उरलेले नाही. ओप्पो डिजिटल या अमेरिकेतल्या कंपनीची यंत्रे या कामी नावाजलेली होती. २०१८ साली तिने नवी यंत्रे काढणे थांबवले. म्हणून लेसरचा सुटा भाग मिळेल का, दुरुस्ती कोण करील, हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे. लेसर झिजतो. गाणाऱ्या यंत्राचा तोच पहिला थकणारा अवयव.

शेवटी निवड कशी झाली ते सांगतो. ते लाखाचे यंत्र पाचही सुपर ऑडिओ तबकड्या झोकात वाजवीत होते. मी सहज म्हणून गुरुजींच्या हातच्या तबकड्यांपैकी एक आत सारली. यंत्राने तिला दोनदा फिरवले आणि पडद्यावर लिहिले : तबकडी नाही. दुसरी सारली, तेच. आम्ही नेलेल्या ३४ पैकी ११ त्याने नाकारल्या. व्हीसीडी तर त्याच्या गावीही नव्हत्या. घरी भरलेल्या तबकडीत खळगे नसतात. रंगाच्या थरावर डाग पाडलेले असतात, आणि ऊन-उष्णतेने तो रंग विटतो. सीडीवर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग चूक यंत्र हिशेबाने पूर्ण भरून काढते. त्यापुढे ते अंदाजाने वेळ मारून नेते, आणि अगदीच जमेना तर गप्प बसते. गाणे चालू असताना मागे वळून पुन्हा वाचायला त्याला वेळ नसतो. संगणकाला असतो.

म्हणून लाखाचे यंत्र आम्ही घेतले नाही. तिसऱ्या हिश्श्याचे, सीडी आणि सुपर ऑडिओ सीडी नीट वाजवणारे, घरी भरलेल्या तबकड्यांच्या बाबतीत कमी चोखंदळ असे घेतले. व्हीसीडी आणि त्या दोन डीव्हीडी ऑडिओ शाळेच्या संगणकावर लावायच्या असे ठरवले. उरलेल्या पैशांत बरे स्पीकर आले. आणि स्पीकर बदलल्याचा फरक मात्र शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सर्वांनी डोळे मिटून ओळखला.

सर्वांत आधी त्या ३४ तबकड्यांच्या प्रती काढायला घेतल्या. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायच्या, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा ओळीच्या दिशेने जातो आणि तोच भरून काढणे अवघड. नाकारलेल्या ११ पैकी नऊ तबकड्या शाळेच्या संगणक-खोलीतल्या एका जुनाट डीव्हीडी रायटरने वाचल्या. एकेका तबकडीला कधी कधी अख्खी दुपार लागली. पहिलीच उघडली तेव्हा आधी जात्याची घरघर आली, मग गुरुजींचा आवाज : "आजी, दमानं म्हणा, घाई नाही." हेडमास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

दोन तबकड्या अजून वाचलेल्या नाहीत. त्या कागदी पाकिटात घालून, उन्हापासून दूर, कपाटात उभ्या ठेवल्या आहेत. कोणाकडे जुना, चालू स्थितीतला रायटर असेल तर त्यावरही त्या लावून पाहायच्या आहेत.