वाळूत गाडी: ऑटोमॅटिक की मॅन्युअल?

अबूधाबीतल्या लिवाच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी न्यायची, तर ती ऑटोमॅटिक हवी की मॅन्युअल? मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना क्लच दाबला, की चाकांना मिळणारी ताकद क्षणभर तुटते. चढावर तेवढ्यात वेग मरतो आणि गाडी रुतते. ती काढताना अर्धा क्लच धरून ठेवला, तर क्लचप्लेट जळते. टॉर्क कन्व्हर्टर असलेली ऑटोमॅटिक गाडी ताकद तुटू देत नाही, म्हणून नवख्यांनी तीच निवडावी. मात्र गिअरबॉक्सचं तेल तापू देऊ नये. गाडी कोणतीही असो, फोर-व्हील ड्राइव्ह हवी. टायरमधली हवा साधारण १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरा. आणि सोबत दुसरी गाडी असल्याशिवाय वाळवंटात शिरू नका.