पाळी सांभाळून ध्यान



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकी जे शिकलो ते वाचनालयात आणि मोर्चात. समितीने ध्यानावर बोला म्हटल्यावर आम्हालाच आधी हसू आले. कारण पंधरा वर्षांपूर्वी याच विहारात उभे राहून आम्ही म्हणालो होतो, की डोळे मिटून बसणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे, आपल्याला लढायचं आहे. टाळ्याही पडल्या होत्या.

पण बंधू-भगिनींनो, खरं बोलायला काय हरकत? तेव्हा आम्ही गेटसभेत समतेवर तासभर बोलायचो आणि घरी भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावायचो. एके रात्री आमचा आवाज चढायच्या आधीच मुलगा उठून बाहेर गेला. त्याला सवय झाली होती. आमच्या मंडळी एवढंच म्हणाल्या, "भाषणातला बुद्ध कधीतरी घरी पण आणा." ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

इगतपुरीला १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होतात, फी नसते, हे ठाऊक होतं. पण दहा दिवसांचा खाडा म्हणजे दहा दिवसांचा पगार. मग ठरवलं, पहाटे चारला उठून बसायचं. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी रातपाळी लागली आणि ध्यान संपलं! रात्रभर उभा राहिलेल्या माणसाला डोळे मिटायला सांगा, तो घोरणारच.

पुढे वाचनात सयाजी ऊ बा खिन आले. सत्यनारायण गोएंका गुरुजींचे हे गुरू. कारकुनीपासून सुरुवात करून १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा तिथले महालेखापाल झाले. नोकरी सांभाळून त्यांनी कचेरीतल्या लोकांना ध्यान शिकवलं. आणि त्यांचे गुरू सया थेटजी तर शेतकरी! म्हणजे ही संसारी, कामाची माणसं. (बाबासाहेबही १९५४ साली त्याच रंगूनला बौद्ध परिषदेसाठी गेले होते.) आमची सबबच गेली.

तेव्हापासून आम्ही घड्याळ सोडलं, पाळी धरली. कोणतीही पाळी असो, कामाला निघण्याआधी दहा मिनिटं. डबा सायकलला अडकवायचा, मग बसायचं. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर. नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड. जप नाही, मंत्र नाही. मन पळतंच. सोसायटीचा हप्ता, मुलीची फी, जॉबर काय बोलला. पळालं की परत आणायचं, चिडायचं नाही. रिंगखात्यातल्या माणसाला हे काही नवं नाही. धागा तुटला म्हणून सायडर रडत बसत नाही, जोडतो आणि पुढे सरकतो.

आमचं कामच दोन मशिनींमधल्या गल्लीत ये-जा करण्याचं. सतिपट्ठान सुत्तात जाताना-येताना, हात आखडताना-पसरताना भान ठेवा असं सांगितलं आहे. तेच आम्ही गल्लीत करतो. पाय उचलला, टेकला, धाग्याला हात गेला. मात्र चालत्या मशिनीपाशी श्वासात गुंग व्हायचं नाही, तिथं नजर आणि बोटं हेच ध्यान. नाहीतर बोट जाईल.

आता लढा सुटला का? नाही. मध्यंतरी थकलेल्या पगाराची बोलणी चालू असताना समोरचा साहेब "तुम्ही लोक" असं काहीतरी बोलला. पूर्वी आम्ही टेबलावर हात आपटून उठलो असतो, बोलणी फिसकटली असती आणि मरण बदली कामगारांचं झालं असतं. या वेळी छातीत उठलेली धग कळली. दोन-तीन श्वास गेले. मग पिशवीतून हजेरीचे कागद काढले आणि एकेक नाव वाचत गेलो. सगळं नाही मिळालं, पण बदलीवाल्यांचा दोन महिन्यांचा पगार सुटला.

घरचं विचाराल तर राग गेलेला नाही. मागच्या महिन्यातही आवाज चढला होता, मंडळी समोरच बसल्या आहेत, त्यांना विचारा. ताट मात्र सहा वर्षांत उडालेलं नाही. मुलगा आता आमच्यासोबत जेवतो.

दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांसाठी दुपारी दोन वाजता विहार उघडा ठेवायला समितीने मान्यता दिली आहे. घरात दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असतो, तेव्हा इथे यावं. सायकली डाव्या बाजूला लावा. किल्ली आमच्याकडे असते.

जयभीम! नमो बुद्धाय!