पगार बापाचा, डिग्री लेकराची – मधला खर्च कोणाचा?

(नोएडा येथील व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत शिक्षणवर्गासाठी आलेल्या मराठी कार्यकर्त्यांपुढे रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांचे नाव या संस्थेला आहे ते गिरीसाहेब पुढे राष्ट्रपती झाले, पण त्याआधी ते आपलेच होते, रेल्वे कामगारांच्या चळवळीतले होते. म्हणून सेक्टर २४ च्या या फाटकातून आत येताना आम्हांला परक्या घरी आल्यासारखे वाटत नाही. दोन दिवस येथे कायदे, कोर्टकज्जे, कंत्राटी पद्धत यांवर पुष्कळ ऐकले. आमच्याकडे विषय दिला आहे तो जरा वेगळा आहे. कामगाराच्या मुलाने पदवीच्या पुढे शिकायचे ठरवले तर पैसा आणायचा कोठून, आणि आपला साथी माजी सैनिक असेल तर त्याला जादा काय मिळू शकते, हा तो विषय.

आम्ही स्वतः मॅट्रिक. पुढे शिकायची हौस होती, पण घरची परिस्थिती नव्हती. रेल्वेत लागलो आणि शिकणे राहून गेले. तेव्हा या विषयावर विद्वान म्हणून आम्ही बोलत नाही. आमच्या हातून एक चूक झाली, ती तुमच्या ब्रँचमध्ये होऊ नये म्हणून बोलतो.

आमच्या डिव्हिजनमध्ये एक पॉइंट्समन आहेत. फौजेत हवालदार होते, पेन्शन घेऊन आले आणि माजी सैनिकांच्या राखीव जागेतून रेल्वेत लागले. युनियनचे जुने सभासद, एकही मोर्चा चुकवला नाही. त्यांच्या मुलीला एमबीएला प्रवेश मिळाला. फी भरायला त्यांनी सावकाराकडून शेकडा तीनने पैसे काढले, महिन्याला शेकडा तीन! हे आम्हांला कळले ते मुलगी दुसऱ्या वर्षाला गेल्यावर, तेही रनिंग रूमच्या ओट्यावर चहा पिताना. आम्ही विचारले, "अहो दादा, पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज नाही केला?" ते म्हणाले, "ती कसली?" जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो तर उत्तर मिळाले की अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो, आता काही होत नाही.

हिशेब करा. माजी सैनिकांच्या मुलींना या शिष्यवृत्तीत २०१९-२० पासून महिन्याला ३,००० रुपये आहेत, मुलांना २,५००. दोन वर्षांचे ७२,००० रुपये. एवढे पैसे एका कष्टकऱ्याच्या हातून गेले, आणि गेले कशामुळे, तर माहिती नव्हती म्हणून. सावकाराला आम्ही शिव्या दिल्याच, पण रात्री झोप आली नाही. महिन्याच्या महिन्याला आम्ही त्यांची वर्गणी घेत होतो. बदली, बढती, चार्जशीट, सगळे विचारत होतो. मुलगी काय शिकते हे एकदाही विचारले नव्हते.

साथींनो, या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सुभेदाराचे चिरंजीव, म्हणजे आजच्या भाषेत माजी सैनिकाचा मुलगा. १९१३ साली वडील गेले आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला गेले. कशाच्या बळावर? सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या बदल्यात बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. इकडे मुंबईत रमाबाईंनी कसा संसार ओढला ते तुम्हांला सांगायला नको.

हे सांगण्याचे कारण असे. एवढ्या बुद्धीच्या माणसाचेही शिक्षण पैशापायी तीन वर्षे अडले. आणि ते पुरे झाले ते शिष्यवृत्ती, स्वतःची कमाई, मदत आणि कर्ज या चारांची मोट बांधून. आजही याच चार वाटा आहेत. याच बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे भाषण केले होते, हे आपण रेल्वेवाल्यांनी तरी विसरू नये.

बाहेरच्या देशातले एक उदाहरण देतो. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४४ साली, अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. फी सरकारची, वर राहण्याखाण्याला भत्ता. सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले, त्यांतले २२ लाखांच्या आसपास कॉलेजात गेले. काळ्या सैनिकांना मात्र त्यातही डावलले गेले. कायदा सगळ्यांसाठी होता, पण अंमलबजावणी जागोजागच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होती. तेव्हा नुसता कायदा पुरत नाही, तो राबवून घेणारे लागतात. हे युनियनवाल्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्याकडे काय आहे ते आता नीट ऐका. शक्य तर लिहून घ्या.

पहिले, माजी सैनिकांचे. पंतप्रधान शिष्यवृत्ती २००६-०७ पासून आहे. वर्षाला ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना. अट अशी की आधीच्या परीक्षेत ६० टक्के हवेत, आणि शिक्षण व्यावसायिक पदवीचे हवे: इंजिनिअरिंग, वैद्यकीय, बी.एड. वगैरे. येथे एक मेख आहे. पदव्युत्तर शिक्षणात एमबीए आणि एमसीए चालते, पण एम.ए., एम.एस्सी., एम.टेक. चालत नाही. म्हणजे हवालदाराच्या मुलीने गणितात एम.एस्सी. करायचे म्हटले तर ही वाट बंद. देशाला गणिताचे शिक्षक नकोत काय? हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत शिक्षण अनुदान आहे. ते महिना १,००० होते, नोव्हेंबर २०२५ पासून २,००० केले. सैनिकाच्या विधवेला मात्र तेच अनुदान दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणालाही मिळते. ही गोष्ट आपल्या अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या भगिनींपर्यंत पोचवा. आपल्या महाराष्ट्रात सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत, त्यांची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. जाताना डिस्चार्ज बुक आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. अर्धे अर्ज कागदासाठीच परत येतात.

दुसरे, रेल्वेचे. बालशिक्षण भत्ता आपण सगळे घेतो. १ जानेवारी २०२४ पासून तो महिना २,८१२ रुपये ५० पैसे झाला आणि वसतिगृहाचे अनुदान ८,४३७ रुपये ५० पैसे. पण तो मिळतो कोठपर्यंत? बारावीपर्यंत! खर्च जेथून खरा सुरू होतो तेथेच भत्ता संपतो. पुढे कर्मचारी हित निधीतून तांत्रिक आणि उच्च शिक्षणाला शिष्यवृत्त्या आहेत. त्या निधीच्या कमिटीवर आपलेच प्रतिनिधी बसतात. त्यांना विचारा की यंदा किती अर्ज आले. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाचा स्कूल पास काढा. २००४ च्या आधी लागलेल्यांना प्रॉव्हिडंट फंडातून शिक्षणासाठी रक्कम काढता येते. नव्या पेन्शनवाल्यांना आपल्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांच्या उच्च शिक्षणासाठी काढता येते. पण ही म्हातारपणाची भाकरी आहे, तिला हात शेवटी लावा.

तिसरे, मुलाने स्वतःच्या अभ्यासावर मिळवायचे. गेटची परीक्षा पास होऊन एम.टेक.ला गेलेल्यास महिना १२,४०० रुपये मिळत आले आहेत. नेटमधून संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,०००. आपल्या नव्या ट्रॅकमनचा सुरुवातीचा मूळ पगार १८,००० आहे, त्याच्या दुप्पट! ही गोष्ट घरी पोरांना सांगा. पुढे शिकणे म्हणजे केवळ बापावर बोजा नव्हे, काही वाटा अशाही आहेत जेथे शिकण्याचेच पैसे मिळतात.

चौथे, सरकारी सवलती. मागासवर्गीय विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती फार मोलाची आहे, पण तिची उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख ठरली ती वर्षानुवर्षे तशीच राहिली. आता हिशेब पाहा. १८,००० मूळ पगार म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. त्यात महागाई भत्ता मिळवला की सगळ्यात खालचा कायम कामगारही मर्यादेबाहेर. महागाई वाढली म्हणून भत्ता मिळाला, आणि भत्ता मिळाला म्हणून शिष्यवृत्ती गेली. कायम कामगार ना गरिबांत ना श्रीमंतांत. आपल्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी साथींची मुले मात्र या मर्यादेत बसतात, आणि त्यांना सांगणारे कोणी नसते. महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि २०२४-२५ पासून याच मर्यादेतल्या मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ आहे.

पाचवे आणि शेवटचे, कर्ज. ते शेवटी सांगतो, कारण ते शेवटीच घ्यावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला २०१५ पासून सरकारी हमी निधी आहे, त्यात तारण किंवा जामीनदार लागत नाही. बँकेचा साहेब घराचे कागद मागू लागला तर नियम दाखवा आणि नकार लेखी मागा. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तीत सुरुवातीला ८६० नामांकित संस्था होत्या. तेथे प्रवेश मिळाला आणि घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असले तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष व्याजात तीन टक्के सवलत. साडेचार लाखांच्या आतल्या घरांना तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणासाठी त्या काळातले पूर्ण व्याज सरकार भरते.

आता व्याजाची गोष्ट. समजा, दोन वर्षांच्या शिक्षणाला दर वर्षी तीन लाख असे सहा लाख घेतले, व्याज दहा टक्के. शिक्षणाची दोन वर्षे आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते. तीन वर्षांत दीड लाख चढते, आणि हप्ता सुरू होतो तो साडेसात लाखांवर. दहा वर्षे महिना सुमारे ९,९०० रुपये. तेच व्याज शिक्षण चालू असताना भरत गेलात, पहिले वर्षभर महिना २,५०० आणि पुढे ५,०००, तर हप्ता ७,९०० च्या आसपास बसतो. जमेल त्याने हे करावे. आणि कर्ज काढण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा की मागच्या वर्षी किती मुलांना नोकरी लागली. जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. चकचकीत इमारत आणि खोटा आकडा यांवर कर्ज काढून फसलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

सावकाराशी याची तुलना करा. सावकाराचे शेकडा तीन म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. बँकेचे दहा. एवढे एक जरी ब्रँचच्या फळ्यावर लिहिलेत तरी आमचे येथे येणे कारणी लागले.

मागण्या काय, तेही सांगतो. बालशिक्षण भत्ता आणि वसतिगृह अनुदान पदव्युत्तर शिक्षणापर्यंत मिळावे, ही मागणी आठव्या वेतन आयोगासाठी कर्मचारी पक्षाने पुढे ठेवली आहे. आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली. ही मागणी आपण गेट मीटिंगमध्ये मांडली पाहिजे, नाहीतर ती फाइलीतच झोपेल. पंतप्रधान शिष्यवृत्तीत एम.ए., एम.एस्सी. घ्यावे. उत्पन्नाच्या मर्यादा महागाईशी जोडाव्यात. आणि अग्निवीर म्हणून चार वर्षे सेवा करून जे पोरगे परतेल, त्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, हाती सेवा निधीचे ११ लाख ७१ हजार. त्या पैशातच त्याने घर सावरायचे, बहिणीचे लग्न करायचे आणि शिकायचेही? त्याच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च वेगळा मिळाला पाहिजे.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. आपल्या हातचे काम आजच सुरू करता येते. आमच्या ब्रँचमध्ये आम्ही एक वही घातली आहे. तीत प्रत्येक सभासदाच्या मुलाचे नाव, तो काय शिकतो, कोणत्या वर्षाला आहे आणि बाप माजी सैनिक आहे काय, एवढेच लिहितो. जून महिना लागला की दोन कार्यकर्ते वही घेऊन बसतात आणि ज्याचे पहिले वर्ष सुरू होणार त्याला फोन करतात. खर्च वहीचा, चाळीस रुपये.

आणि त्या पॉइंट्समन दादांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मुलगी पास झाली, नोकरीला लागली. सावकाराचे पैसे फिटले, पण त्यांच्या फौजेच्या पेन्शनमधली तीन वर्षे त्यात गेली. युनियनवर ते रागावले नाहीत. उलट त्या वहीतली पहिली नोंद त्यांनीच केली, आपल्या धाकट्या मुलाची. हस्ताक्षर फौजी, खणखणीत. त्याच्यापुढे आम्ही तांबड्या शाईने लिहिले आहे : "पहिल्याच वर्षी अर्ज."

साथींनो, परत गेल्यावर आपापल्या ब्रँचला वही घाला. कामगार एकजुटीचा विजय असो!