पांडुरंग खानखोजे : परमुलखातील संसार



भिलाईतील बहुतेक मराठी घरांचा इतिहास एका प्रवासापासून सुरू होतो. पोलाद कारखान्याच्या ओढीने नागपूर, वर्धा, भंडारा सोडून आलेल्या कुटुंबांनी या शाळेचे वर्ग भरले. म्हणूनच हीरक महोत्सवाच्या प्रसंगी वर्ध्याच्याच एका स्थलांतरिताचे स्मरण उचित ठरेल. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

१८८४ मध्ये जन्मलेले खानखोजे ऐन तारुण्यात स्वातंत्र्याच्या ध्यासाने देशाबाहेर पडले. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीच्या उभारणीत अग्रभागी राहिले. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ते इंग्रजांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन, मॉस्को आणि १९२४ मध्ये मेक्सिको. मायदेशाची दारे बंद झाली होती. तेव्हा ज्या देशाने थारा दिला, त्याच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी आपली विद्या वेचली. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या व गव्हाच्या वाणांवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात, भाकरीभोवती जमलेल्या माणसांच्या पंगतीत, त्यांना मानाचे स्थान दिले.

स्वतःच्या घरची पंगत मात्र त्यांच्या वाट्याला फार उशिरा आली. १९३६ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेक्सिकोत वाढणाऱ्या दोन्ही मुलींची नावे त्यांनी सावित्री आणि माया अशी ठेवली. वर्ध्यापासून हजारो कोस दूर, स्पॅनिश बोलणाऱ्या त्या मुलखात, पित्याचा देश रोजच्या हाकेत जिवंत राहिला.

१९४९ मध्ये ते स्वतंत्र भारतात आले, तेव्हा विमानतळावरच त्यांना अडवण्यात आले. ज्या भूमीसाठी घर सोडले, तिच्याच दारात ओळख पटवावी लागली. तरीही १९५५ मध्ये ते नागपुरात स्थायिक झाले. पित्याचे हे परतणे पत्नी आणि मुलींसाठी मात्र नवे स्थलांतरच होते. माणूस मायदेशी येतो, तेव्हा त्याच्या ध्येयाची किंमत घरच्यांनीही मोजलेली असते, हे विसरता येत नाही.

त्याच १९५५ च्या फेब्रुवारीत भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूरच होती. आयुष्यभर भटकलेला एक पिता नागपुरी परतत असताना, अनेक तरुण पिते घर सोडण्याच्या तयारीला लागणार होते.

२२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे निवर्तले. त्यांची जीवनकथा पुढे त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी ग्रंथरूपाने लिहिली, म्हणून ती आज इतक्या जिव्हाळ्याने कळते. भिलाईत आलेल्या पहिल्या पिढीच्या कथाही अशाच लिहिल्या जाण्याची वाट पाहत आहेत. आई-वडील कोणत्या गावाहून, काय घेऊन आणि कोणाला मागे ठेवून आले, हे माजी विद्यार्थ्यांनी ते हयात असतानाच विचारावे, आणि मराठीतच लिहून ठेवावे. या शाळेने दिलेल्या अक्षरांचे याहून उचित सार्थक नाही.